मोठी लढाऊ जहाजे आणि आकाशातून येणारा घाव



जामसर, जव्हार, मोखाडा या डोंगराळ मुलखातल्या मंडळींपुढे लढाऊ जहाजांबद्दल बोलायचे म्हटले, की कोणीतरी विचारणारच, "अहो, आमच्याकडे चैत्र-वैशाखात पाण्याचा हंडा लांबून आणावा लागतो, आणि तुम्ही समुद्राच्या गोष्टी काय सांगता?" प्रश्न रास्त आहे. पण असे पाहा, जव्हारच्या स्थानकावर एस.टी. उभी असते, तिच्या टाकीतले डिझेल ज्या कच्च्या तेलापासून निघते त्यातला दहापैकी आठ भागांहून अधिक माल परदेशातून जहाजाने येतो. भाताला घालता त्या खतातलाही काही हिस्सा समुद्रावरूनच येतो. पावसाळा सरला, की तुमच्यातली कितीतरी घरे डोंगर उतरून वसई, भिवंडी, पालघर, डहाणूकडे कामाला जातात. तेव्हा समुद्र तुमच्या चुलीपासून फारसा लांब नाही. त्या समुद्राची राखण करणारी जहाजे तुमच्याही पैशातून बांधलेली आहेत. एकेका विनाशिकेवर तीनशेच्या आसपास माणसे असतात. विमानवाहू नौकेवर तर दीड हजारांच्या वर. एवढे अवाढव्य जहाज लहानशा क्षेपणास्त्राच्या एका घावात जाते काय, आणि जात असेल तर ते बांधायचे कशाला, हे विचारण्याचा तुम्हाला पुरा हक्क आहे. आज त्याचाच विचार करू.

मोठ्याला लहानाने जेरीस आणण्याची विद्या आपल्या किनाऱ्याला नवी नाही. १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जव्हारच्या शिरपामाळावर थांबले होते, ही आठवण तुमच्याकडे घरोघर सांगतात. त्याच साली मालवणजवळ सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबते असत. गलबत म्हणजे हलके, वल्ह्यांनीही चालणारे. युरोपियनांचे मोठे जहाज वारा पडला की जागच्या जागी डुलत राही. त्या वेळी आंग्र्यांची गलबते वल्ही मारीत त्याच्या पिछाडीकडे येत. मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना. पाठीमागे तोफा थोड्या. हत्तीला सोंडेकडून कोणी गाठत नाही, तसलाच हा प्रकार.

पण त्याच आंग्र्यांच्या आरमाराचा शेवट कसा झाला, तेही ऐका. फेब्रुवारी १७५६. तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाच्या खाडीत, किल्ल्याच्या आश्रयाला उभे होते. जहाजे एकमेकांना बांधलेली. समोर वॉटसनचे इंग्रजी आरमार, आणि जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज. आपल्याच माणसांनी आपले आरमार बुडवायला परक्याची मदत घेतली, हे शल्य वेगळेच. असो. इंग्रजांनी उखळी तोफांतून गोळे उडवले. त्यांतला एक गोळा आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडून पकडलेल्या 'रेस्टोरेशन' नावाच्या जहाजावर वरून येऊन पडला. त्याने पेट घेतला, आग शेजारच्या जहाजाला लागली, तिथून पुढच्या, आणि पाहता पाहता सगळे आरमार जळून गेले. कुशीला कितीही जाड लाकूड असू द्या, घाव वरून आला. आणि जाळायला लागणारे सामान जहाजाच्या पोटातच भरलेले होते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पुढल्या अडीचशे वर्षांत लाकडाचे लोखंड झाले, शिडाचे एंजिन झाले, तरी त्या तशाच राहिल्या.

पुढे जहाजांना पोलादी चिलखत चढले. वीतभर नव्हे, हातभर जाडीचे. लोकांना वाटले, आता हे तरते गड कोण फोडणार? १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ याचे उत्तर मिळाले. 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' ही इंग्रजांची दोन प्रचंड जहाजे जपानी विमानांनी काही तासांत बुडवली. आठशेहून अधिक माणसे गेली; जपानने विमाने गमावली ती बोटांवर मोजण्याइतकी. त्या जहाजांवर तोफांची कमतरता नव्हती. डोक्यावर आपले विमान मात्र एकही नव्हते. राखण्याशिवाय शेत उभे पिकात सोडले, म्हणजे कुंपण कितीही काटेरी असो, वरून येणाऱ्या पाखरांचे काय करणार?

पुढची पायरी क्षेपणास्त्राची. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या लहान नौकांनी पोर्ट सैदजवळ 'एलात' ही इस्रायलची विनाशिका क्षेपणास्त्रांनी बुडवली. साऱ्या जगाच्या आरमारांना त्या दिवशी घाम फुटला. त्याच जातीचे रशियन क्षेपणास्त्र वापरून चार वर्षांनी एक मोहीम झाली. ती आपल्या आरमाराची असल्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

१९७१ च्या युद्धाआधी आपल्या नौदलाने सोव्हिएत रशियाकडून आठ क्षेपणास्त्र नौका घेतल्या. नौका कसली, शाळेच्या दोन-तीन इमारती एका ओळीत उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल तेवढी: चाळीस मीटरपेक्षा थोडी कमी. वजन दोनशे टनांच्या आसपास, माणसे तीसेक. पण प्रत्येकीच्या पाठीवर चार क्षेपणास्त्रे, आणि एकेकाचा पल्ला चाळीस किलोमीटर. या नौका किनाऱ्याजवळ राखणीसाठी बनवलेल्या. लांबच्या प्रवासाला इंधन पुरेना, खवळलेल्या समुद्रात त्यांचे हालही होत. आपल्या अधिकाऱ्यांनी त्या थेट कराचीवर न्यायचे ठरवले.

४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन नौका कराचीच्या दक्षिणेला पोचल्या. सोबत 'किल्तान' आणि 'कच्छल' ही जरा मोठी जहाजे होती. मोहिमेचे नेते कमांडर बब्रू भान यादव. गुरुजी, मुलांना या नावांचे अर्थ जरूर विचारा; निर्घात म्हणजे वावटळीचा तडाखा, विजेचा कडकडाट. त्या रात्री नाव सार्थ झाले. कराचीबाहेर पाकिस्तानची 'खैबर' नावाची विनाशिका गस्त घालीत होती, 'निर्घात'च्या दहापट वजनाची. 'निर्घात'ने पहिले क्षेपणास्त्र सोडले. 'खैबर'वरच्या लोकांना आकाशातून एक झगझगीत उजेड आपल्याकडे येताना दिसला. त्यांना वाटले विमान आले. त्यांनी विमानविरोधी तोफा डागल्या. गोळ्या हवेत गेल्या, क्षेपणास्त्र जहाजाच्या कुशीत शिरले. वीज गेली, एंजिन थांबले. बुडते जहाज शेवटपर्यंत बिनतारी संदेशातून कळवीत राहिले, की शत्रूच्या विमानाने हल्ला केला आहे. काही मिनिटांनी दुसरे क्षेपणास्त्र आले आणि सगळे संपले. २२२ नाविक गेले. ते शत्रूचे असले तरी तीही कुणाची तरी लेकरे होती; सांगताना हा आकडा घाईने उरकू नये.

त्याच रात्री 'वीर'ने 'मुहाफिज' ही सुरुंग काढणारी नौका बुडवली, 'निपात'ने एका मालवाहू जहाजाचा निकाल लावून बंदरातल्या तेलाच्या टाक्यांवर नेम धरला. ८ डिसेंबरच्या रात्री 'विनाश' ही एकटी नौका दोन मोठ्या जहाजांच्या सोबतीने पुन्हा गेली आणि चार क्षेपणास्त्रे सोडून आली. केमारीच्या तेलाच्या टाक्या कित्येक दिवस जळत होत्या. दोन्ही मोहिमांत आपले एकही जहाज गेले नाही. ४ डिसेंबर हा आपण नौदल दिन म्हणून पाळतो तो यामुळेच.

यातली एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पहिल्या हल्ल्यानंतर कराचीत इतकी धास्ती बसली, की ६ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्याच 'झुल्फिकार' या जहाजाला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून गोळ्या घातल्या. समुद्रावर आपला कोण आणि परका कोण हे ओळखणे किती अवघड, याचा हा पुरावा. त्यावरून आठवले, १९६५ च्या युद्धात आपली 'विक्रांत' बुडवल्याची बढाई पाकिस्तानने मारली होती. त्या वेळी ती मुंबईच्या गोदीत डागडुजीसाठी उभी होती!

आणि आपणही फुशारून जाऊ नये. कराचीच्या दुसऱ्या मोहिमेनंतर एक दिवसही गेला नव्हता, तोच ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने आपली 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. तो घाव पाण्याखालून आला होता; आजचा विषय वरून येणाऱ्या घावाचा आहे, म्हणून तिथे अधिक थांबत नाही.

आता हा घाव चुकवणे इतके कठीण का, ते पाहू. इथे मला शाळांतील गुरुजनांची मदत हवी आहे, कारण हे गणित सहावी-सातवीच्या मुलांना सहज येईल.

तुम्ही नागलीची राखण करायला मचाण बांधता. का? उंचावरून लांबचे दिसते. समुद्र सपाट दिसला तरी पृथ्वी गोल आहे, त्यामुळे लांबची वस्तू पाण्याच्या वाकाआड लपते. डहाणूच्या वाळूवर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे दीड मीटर उंचीवर धरले, तर त्याला साडेचार किलोमीटरपर्यंतचेच पाणी दिसते. हिशेब सोपा: उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला साधारण ३.६ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. रडारच्या लहरी थोड्या वाकतात, म्हणून तिथे ४.१ ने गुणायचे. जहाजाच्या डोलकाठीवरचे रडार २५ मीटर उंच असेल, तर पाच गुणिले ४.१, म्हणजे वीस किलोमीटर आणि वर थोडे. समोरून येणारे क्षेपणास्त्र पाण्यावरून चार मीटर उंचीने येत असेल, तर त्याच्या बाजूचे आठ किलोमीटर मिळवा. झाले अठ्ठावीस-एकोणतीस किलोमीटर. त्याच्या अलीकडे आल्याशिवाय ते रडारला दिसणारच नाही. बरं, क्षेपणास्त्र सेकंदाला तीनशे मीटर पळते असे धरा. मुलांना विचारा, जहाजाला किती वेळ मिळाला? दीड मिनिट. भाकरी उलटायलाही त्याहून जास्त वेळ लागतो! आणि आपल्या 'ब्रह्मोस'सारखे क्षेपणास्त्र असेल, जे सेकंदाला जवळजवळ एक किलोमीटर जाते, तर जेमतेम अर्धे मिनिट. तेवढ्यात दिसायचे, ओळखायचे, ठरवायचे आणि मारायचे. 'खैबर'वरचे क्षेपणास्त्र जुन्या पद्धतीचे, बऱ्याच उंचीवरून आलेले होते. ते दिसले तरीसुद्धा ओळखता आले नाही.

मग जहाजे करतात काय? पहिली तोड म्हणजे मचाण आणखी उंच करणे. रडार विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसवून वर पाठवायचे. विमानवाहू नौकेचे मोल यातच आहे. तिची विमाने शत्रूला दोन-तीनशे किलोमीटर पलीकडेच गाठू शकतात. दुसरी तोड, येणाऱ्या क्षेपणास्त्रावर आपले क्षेपणास्त्र सोडायचे. आपल्या नव्या विनाशिकांवर 'बराक' जातीची क्षेपणास्त्रे त्यासाठीच आहेत. त्यातूनही निसटून जवळ आले तर मिनिटाला काही हजार गोळ्या झाडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या तोफा. आणि एक तोड मला फार आवडते, कारण ती आपल्या खळ्यावरची आहे. धान्य पाखडताना भुसा उडतो ना, तसा धातूचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्यांचा ढग जहाजाशेजारी उडवून द्यायचा. क्षेपणास्त्राच्या नाकात लहान रडार असते. त्याला हा ढगच जहाज वाटतो आणि ते भुश्यात शिरते. दर वेळी शिरेलच असे नाही.

पण एकाच वेळी अनेक आली तर? तुम्ही आग्या मोहोळ पाहिले आहे. एका माशीला कोणी भीत नाही. मोहोळ उठले की बैलसुद्धा दावे तोडून पळतो. आता स्वस्तातली, माणसाशिवाय उडणारी ड्रोन विमाने निघाली आहेत. काही लाखांचे ड्रोन पाडायला कित्येक कोटींचे क्षेपणास्त्र खर्ची पडते, आणि जहाजावर क्षेपणास्त्रे असतात ती मोजकी; ती संपली की बंदरात जाऊन पुन्हा भरून यावे लागते. माझ्या मते आजच्या आरमारांची खरी चिंता ही आहे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी सैनिकांनी जहाजांवर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सोडायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकन विनाशिकांनी त्यातली पुष्कळशी पाडली. पुष्कळ जहाजे वाचली, पण खर्चाचा हिशेब सगळ्यांनाच डोळ्यांत खुपला.

घाव बसलाच तर जहाज बुडतेच का? इथे बांबूकडे पाहा. बांबूला एका पेरात भोक पडले तर दुसऱ्या पेरात पाणी जात नाही. जहाजाचे पोटही असेच पेरापेरांचे असते. मध्ये पोलादी भिंती आणि घट्ट बसणारी दारे. म्हणून मोठे जहाज पाण्याने सहसा एकदम बुडत नाही. त्याला खाते ती आग. विजयदुर्गाच्या खाडीत खाल्ले तीच. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात 'शेफील्ड' या इंग्रजी विनाशिकेला अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेले एकच क्षेपणास्त्र लागले. आग विझवण्याच्या पाण्याचा मुख्य नळच फुटला. वीस माणसे गेली, जहाज सोडावे लागले आणि ओढून नेत असताना सहा दिवसांनी बुडाले. पाच वर्षांनी, १७ मे १९८७ रोजी, इराणच्या आखातात 'स्टार्क' या अमेरिकन जहाजाला तशीच दोन क्षेपणास्त्रे लागली. ३७ माणसे गेली. तरीही बाकीच्यांनी रात्रभर आगीशी झुंजून जहाज वाचवले, आणि ते आपल्या एंजिनावर बंदरात आले. दोन घाव खाऊन एक जगले, एक घाव खाऊन दुसरे गेले. नशिबाचा भाग असेलच. पण कोणता नळ कोणत्या कप्प्यातून जातो आणि धुरात डोळे मिटून कोणते दार बंद करायचे, याची रोजची तालीमही त्यात होती.

१४ एप्रिल २०२२ रोजी काळ्या समुद्रात रशियाचे 'मोस्क्वा' बुडाले. बारा हजार टनांच्या आसपासचे, त्या ताफ्याचे प्रमुख जहाज. युक्रेन म्हणाला, आमच्या किनाऱ्यावरून सोडलेल्या दोन क्षेपणास्त्रांनी ते बुडाले. रशिया म्हणाला, आग लागून दारूगोळा उडाला. कुणाचेही खरे माना, पोटातली आग दोन्हीकडे आहेच.

मग मोठी जहाजे बांधूच नयेत काय? असे म्हणणारी शहाणी माणसे आहेत. पण लहान नौकेचे पोट लहान. १९७१ साली त्या चिमुकल्या नौकांना कराचीपर्यंत पोचायला मोठ्या जहाजांची सोबत लागलीच. आठ-पंधरा दिवस समुद्रात राहायचे, हेलिकॉप्टर न्यायचे, दुसऱ्याची सुटका करायची, ही कामे लहान नौकेच्या आवाक्यातली नव्हेत. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'विशाखापट्टणम' ही विनाशिका २०२१ साली नौदलात आली. १६३ मीटर लांब, ७,४०० टनांची. कोचीला बांधलेली नवी 'विक्रांत' २०२२ साली आली. ती ४५,००० टनांच्या घरातली. एवढे जहाज एकटे पाठवणे म्हणजे 'प्रिन्स ऑफ वेल्स'चीच गत. ते ताफ्यातच हवे: पुढे विमाने, बाजूंना विनाशिका, खाली पाणबुडी. या ताफ्याचा खर्चही जहाजाच्या किमतीतच धरायला हवा, आणि तो धरून मग झेपते का ते पाहावे. बैल घेताना आपण चाऱ्याचा हिशेब करतोच की.

हे सारे लांबचे वाटत असेल तर दोन अलीकडच्या गोष्टी सांगतो. २३ डिसेंबर २०२३ रोजी 'केम प्लुटो' नावाचे तेलवाहू जहाज सौदी अरेबियातून मंगळूरकडे येत असताना, पोरबंदरपासून दोनशे-सव्वादोनशे सागरी मैलांवर त्याच्यावर ड्रोन येऊन आदळले आणि आग लागली. खलाशांनी ती विझवली. २१ भारतीय आणि एक व्हिएतनामी, सगळे बचावले. आपल्या तटरक्षक दलाच्या 'विक्रम'ने त्याला सोबत करीत मुंबईला आणले, आणि नौदलाने आपल्या विनाशिका अरबी समुद्रात गस्तीला धाडल्या. डहाणूच्या मच्छीमार नौका ज्या समुद्रात जातात, तोच हा अरबी समुद्र बरं का.

दुसरी गोष्ट त्यानंतर महिन्याभराने, २६ जानेवारी २०२४ ची. तुमच्या शाळांत सकाळी झेंडावंदन झाले, त्याच दिवशी एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजाला हूथींचे क्षेपणास्त्र लागले. पोटात नाफ्था, म्हणजे ठिणगीने भडकणारे तेल. मदतीची हाक ऐकून 'विशाखापट्टणम' धावून गेली. आपल्या नौदलाच्या दहा माणसांचे आग विझवणारे पथक आपली सामग्री घेऊन त्या जळत्या जहाजावर चढले. फ्रेंच आणि अमेरिकन युद्धनौकाही मदतीला होत्या. जहाजावरच्या खलाशांच्या खांद्याला खांदा लावून सहा तास झुंज दिल्यावर आग आटोक्यात आली. मग पथकाने कप्प्याकप्प्यातून फिरून ती पुन्हा कुठे धुमसत नाही ना, ते पाहिले. जहाजावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होते. सगळे सुखरूप राहिले.